ओळीतली फट

मुरुमच्या शिवारात कल्याणप्पाच्या खळ्यावर खडा सापडत नसे. उजाडलं की तो वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेचत जायचा.

"आज इमान उतरायचं हाय का?" बायको महानंदा चहा ठेवत विचारायची.

"ते सांगून येतंय व्हय?"

आरमाराच्या हवाई शाखेत त्याची उमेदीची वर्षं गेली. गावाला वाटायचं, आरमार म्हणजे नुसतं पाणी. मग तो हौसेनं सांगायचा. कोचीनला शाखा रुजली, पुढं विमानवाहू जहाज आलं, गोव्यात लढाऊ विमानांचा तळ झाला. दर तुकडीचं चिन्ह वेगळं, डेकवर दर कामाचा शर्ट वेगळा. याचा पिवळा. यानं हात उचलला की विमान हलायचं.

पण उड्डाणाआधी सगळे रंग एका ओळीत. खांद्याला खांदा लावून डेक वेचायचा. एवढासा नट इंजिनानं ओढला की संपलं. आणि ओळीत फट असेल, तर ओळ हलायची नाही.

जहाज भंगारात गेलं. मग ओळीतली माणसं जाऊ लागली. थॉमस. बलवंत. एकेक करत सगळेच. उरले दोघं, हा आणि भूमचा ज्ञानोबा.

थॉमस गेला त्या आठवड्यात खळ्यावर विमानाच्या इंधनाचा वास आला. बलवंत गेल्यावर पुढून बुटांचा आवाज. कल्याणप्पाच्या पुढचे खडे आधीच वेचलेले असत. त्याला बरं वाटे. फक्त तो एक पाऊल मागं राही. जित्या माणसानं तेवढं अंतर राखावं.

या पौषात ज्ञानोबाला तापानं धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं. फोनवर आवाज पार खोल.

"कल्ल्या, समदे माझ्यासाठी थांबल्यात. अक्षदाचं लगीन बघून येतो म्हनलं. नात हाय माझी. आइकत न्हायत."

"कोण आइकत न्हाय?"

"थॉमस."

सकाळी बूट वाजले नाहीत. खळ्यावर ओळ उभी होती. दिसत नव्हती, कळत होती.

खांद्याला खांदा, खांद्याला खांदा,               , खांद्याला खांदा.

कल्याणप्पानं एक पाऊल पुढं, त्या फटीत टाकलं.

ओळ हलली.

घरात फोन वाजला. "ताप उतरला? थांबा ज्ञानोबा भावजी, देते. खळ्यावरच हायत." महानंदा हसतच दारात आली. थेट त्याच्याकडं बघितलं.

"अहो! कुठं गेलात?"

"इथंच हाय."

ती हाका मारत विहिरीकडं वळली.

पायाखालची काळी जमीन डेकसारखी हळूच डावीकडं कलली, आणि सगळी ओळ सवयीनं उजवीकडं झुकली.