पन्हळीचं अस्तर

“वहिनी! दादाची गोधडी फाडून राहिल्या तुम्ही?...”

देवाजीच्या ओरडण्याने उत्तराच्या हातातली कात्री थबकली. पुढ्यात दिवंगत नवऱ्याच्या धोतरांची अन् निळ्या पट्टीच्या सदऱ्याची गोधडी... वैधव्याच्या सगळ्या थंडीत हिनेच तर तिला ऊब दिली होती!

“दुकान विकून राहिलो, म्हणून राग काढता ना? काढा!” पाय आपटत तो निघून गेला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला दीर, आणि त्याच्या तोंडून हे ऐकायचं! उत्तराने पदराने डोळे पुसले आणि कात्री पुन्हा चालवली.

चौऱ्याहत्तरचा हिवाळा तो. जरीपटका वस्तीतल्या आपल्या पत्रेकामाच्या छोट्या दुकानात देवाजीने लहानमोठी संत्री वेगळी करायचं मशीन बनवलं होतं. लहानमोठं फळ आपापल्या भोकातून पडे अन् पत्र्याच्या पन्हळीवरून पेटीत घरंगळे. काटोलच्या बाजारात लोक तोंडात बोट घालत. पण खुळा पोरगा, त्याच दिवशी वाहवा घेऊन घरी यायचा! पत्र्यावर आपटलेलं संत्रं सडतं ते आठ दिवसांनी, कलकत्त्याच्या वाटेवर... व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. रबर लावलं, ते सालीला घासे. कापूस भरला, तो गोळा होई. दाट टाक्यांची, मऊ पडलेली गोधडी मात्र जागची हलत नाही. आणि घरात तशी एकच होती.

पन्हळीत ती शिवून उत्तराने वरून कॅनव्हास ठोकला. “एकदा मशीन घेऊन काटोलले जाय गा. त्यावरून उतरलेल्या संत्र्याची पेटी व्यापारी नत्थूजींपाशी ठेव, आठ दिवस उघडू देऊ नको,” एवढंच म्हणाली. रागाच्या भरात देवाजीने आत काय भरलं तेही विचारलं नाही.

आठवड्याने नत्थूजी स्वतः दारात उभे! “एकही फळ डागलं नाही, देवाजी! दुकान विकू नको. यंदा हे मशीन मले भाड्यानं दे, पुढल्या बहाराले आणखी दोन बनव. पण पन्हळीत घातलं काय गा?”

देवाजीने अंगणातल्या मशीनच्या कॅनव्हासचा कोपरा उचलला. खाली निळी पट्टी होती.

तो तसाच स्वयंपाकघरात धावला आणि वहिनीच्या पायांवर कोसळला. “काहून नाही सांगतलं तुम्ही?...”

“सांगतलं असतं, तर कात्री हिसकून घेतली असती ना तू!” ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. “आपल्या दुकानाचं नाव व्हावं, याची तुह्या दादाले लय हौस होती. जाऊ दे त्याले तुह्यासंग...”

दाराशी देवाजीची बायको शामला हे ऐकत होती. ती आत गेली आणि आपलं लग्नातलं लुगडं अन् नवऱ्याचे जुने सदरे घेऊन उत्तराजवळ येऊन बसली.

“बाई, टाका कसा घालू, दाखवा वं मले. ही गोधडी मशीनले नाही द्यायची. ही तुमच्या पांघरायले.”