मर नावाचं यंत्र

भंगारातून आणलेले दोन राउटर आणि एक स्विच तिनं चपलांच्या रॅकवर रचले होते. दिवसभर लोकांच्या ऑफिसात केबल ओढायची आणि घरी येऊन या डबड्यांवर नेटवर्किंगच्या परीक्षेचा सराव करायचा. बाहेरच्या जगाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. इंटरनेट जोडलंच नव्हतं. गुरुवारी पास झाली की दुसऱ्या शहरात बदली. म्हणजे दादाच्या हाताखालून सुटका. त्याच्या एका थोबाडीत तिचा डावा कान कायमचा गेला होता.

रविवारी दुपारी दादा दारात येऊन उभा राहिला.

"काय इंजिनीअरीणबाई, जेवण काय या डब्यांतून येणार का?"

"वाढते रे. एवढी ओळ होऊ दे."

त्यानं तिचे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दात तुटला.

"बस. घेतो मी वाढून," म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला.

राउटरला जोडलेल्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर रक्त ठिबकत होतं. त्यातच तिनं राउटरला एक शब्द टाइप केला. मर.

न कळणारा शब्द दिला की राउटरला ते एखाद्या यंत्राचं नाव वाटतं आणि तो ते शोधत बसतो. नवशिक्यांची नेहमीची चूक. अर्धं मिनिट शिव्या घालायच्या, मग 'सापडलं नाही' असं येतं.

आलं, 'सापडलं'.

तिनं केबल उपटल्या. सगळ्या. भिंतीतला प्लगही खेचला. राउटरचे पंखे घरघरत थांबले.

लॅपटॉपवर पुढची ओळ उमटली. 'जोडलं'.

स्वयंपाकघरात दादा किंचाळला. "ए, सोड! कोण आहेस तू?"

डोकं ओट्यावर आपटलं. पुन्हा. पुन्हा. आवाज ओला होत गेला. मग वाळकी फांदी मोडावी तसं काहीतरी मोडलं.

ती उठली नाही.

नळ सुरू झाला. कुणीतरी भांडी घासू लागलं.

"ताई," आतून दादाचा आवाज आला. धाकट्या बहिणीला त्यानं जन्मात ताई म्हटलं नव्हतं. "तू अभ्यास कर. मी आवरतो."

गुरुवारी ती पास झाली.

निघायच्या सकाळी तो जिन्याखाली दोन बॅगा घेऊन उभा होता. एक तिची, एक त्याची.

"भाऊ असावा तर असा!" शेजारीण म्हणाली. "एकटीला सोडवत नाही बघ त्याला. तेवढी मान दाखव गं त्याची डॉक्टरला. रविवारपासून खांद्यावरच पडलीय."