विसरलेला शिक्का

"अहो— अहो, थांबा जरा!"

देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता रुओमान वळली. देवळातल्या मतदानकेंद्रातला तो लांब कानांचा तरुण, गळ्यातलं ओळखपत्र वाऱ्यावर फडफडत, धूपदाणीला वळसा घालून धावत येत होता. तिच्यापुढे येऊन थांबला आणि धाप लागलेली असतानाही त्यानं दोन्ही हातांनी, एखाद्या वडीलधाऱ्याला द्यावी तशी, एक छोटीशी लाकडी वस्तू तिच्यापुढे धरली.

"हा शिक्का... तुमचाच ना? चुआंग रुओमान."

"नाव वाचलंत?"

"वाचल्याशिवाय कळणार कसं कोणाच्या मागे धावायचं ते?"

आता याला काय म्हणावं! रुओमाननं सहीऐवजी मारायचा तो आपल्या नावाचा शिक्का घेतला. घेताना बोटाला बोट लागलं. जानेवारीचा वारा शेतांवरून थेट येत होता, तरी त्या बोटाला मात्र ऊब होती.

"धन्यवाद... साहेब."

"साहेब नाही हो. मास्तर. शी पोहान. शेजारच्या गावच्या शाळेत आहे. निवडणूक आली की मास्तरांना पकडून आणतात, बळी द्यायला बोकड आणतात तसं."

"बोकड पळून जात नाही वाटतं?"

"आज सकाळपर्यंत विचार होता," तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच उमगलं असावं, कारण ते लांब कान लालभडक झाले. "जातो... आत रांग आहे."

तो गेला. रुओमान उगाचच तिथे उभी राहिली. दिवस हिशेबी बाण्यानं काढायचा म्हणून ती आली होती. सकाळी मत द्यायचं, दुपारी आईच्या हातचं जेवायचं, उद्याच्या बसनं तैपेईला परत. या हिशेबात लांब कान कुठेच धरलेले नव्हते.

देवळासमोरच तिच्या वडिलांची, चुआंग थ्येनफूंची, शेंगदाण्याच्या गोड सुपाची गाडी होती. मत देऊन आलेला प्रत्येक माणूस त्या गाडीशी थांबे, वाटीभर गरम सूप घेई आणि आपण आत काय पराक्रम गाजवला ते सांगे. सुपापेक्षा गप्पाच जास्त खपत होत्या.

थ्येनफू म्हणजे एक नंबरच्या उमेदवाराचे कट्टर समर्थक. एरवी डोक्यावर एक नंबरची टोपी, गाडीला एक नंबरचा झेंडा; दोन्ही नियम म्हणून मतदान संपेपर्यंत उतरवलेलं. पण टोपीच्या जागी केसांवर पडलेला गोल वळ काही उतरवता येत नव्हता. त्यांनी चौकात जाहीर करून टाकलं होतं की या केंद्रात एक नंबर पडला तर सगळ्या गल्लीला सूप फुकट. आणि आल्यागेल्याला बजावणं चालूच होतं, "आत गोल ठसा दोरीला बांधलेला असतो, तोच मारायचा! स्वतःच्या नावाचा शिक्का मतपत्रिकेवर मारू नका रे! मत बाद होतं, आणि वर अब्रू जाते ती वेगळीच!"

"अब्रूचं मला विचारा," वाटी फुंकत कांग आजी म्हणाल्या. शेजारच्याच घरातल्या त्या. "मागच्या खेपेला आमच्या म्हाताऱ्यानं तेच केलं. मोजणीत मत उंच धरलं, आणि त्यावर लालभडक नाव ह्यांचं! सबंध गल्लीला कळलं कोणाला मत दिलं ते. अहो, जन्मभर एका पलंगावर झोपले, मला कधी कळलं नव्हतं!"

गाडीभोवती हशा पिकला. सायकलदुरुस्तीवाले हुंग काका म्हणाले, "माझं भाकीत ऐका. सूप प्यायल्यावर जे दुसरी वाटी मागतात ते दोन नंबरचे. त्यांना काहीतरी गिळायचं असतं."

"मग तुमची ही कितवी?" आजींनी विचारलं.

"...माझी गोष्ट वेगळी. मला मधुमेह आहे."

रुओमान हसता हसता थांबली. मूठ उघडून तिनं शिक्का पाहिला. त्याचं तोंड ओलं लाल होतं.

ओलं लाल... का?

तिनं आठवायचा प्रयत्न केला. टेबलाशी तो बसला होता. "इथे शिक्का मारा" असं म्हणताना बोट दाखवत होता. बोटावर खडूची पांढरी भुकटी. मग मतपत्रिका. मग पडदा. पडद्यामागे तिनं खरंच दोरीचा गोल ठसा उचलला होता का? की मुठीतलाच... तिला काही म्हणजे काही आठवेना. आठवत होते ते फक्त कान! आणि शिक्का ती विसरली होती. मग विसरली कुठे असेल? पडद्यामागेच. म्हणजे तो हातात घेऊनच ती आत गेली होती. म्हणजे...

तिनं मूठ चटकन मिटून घेतली.

कारण रुओमाननं मत दिलं होतं दोन नंबरला.

तैपेईला नोकरी धरली तेव्हा बाबांनी तिच्याशी अबोला धरला होता. जवळजवळ वर्षभर. "गाव काय चावतं का तुला?" एवढं एक वाक्य बोलून बोलणंच बंद. आत्ता कुठे, चांद्र नववर्षाच्या तोंडावर, गाडी रुळावर आली होती. आज पहाटे त्यांनी स्वतः तिच्या वाटीत सूप ओतलं होतं आणि म्हणाले होते, "एक नंबर हं, पोरी. विचार करू नकोस, हात आपोआप जाऊ दे." आणि तिनं मान डोलावली होती. आता संध्याकाळी, सगळ्या गल्लीसमोर, तीच मान खाली जाणार होती. बाबा मोजणीला कायम पहिल्या रांगेत असतात. स्टूल घेऊन.

दुपारी पोहान मास्तर जेवणाचा डबा घेऊन देवळाच्या मागच्या ओट्यावर टेकलेला दिसला, तशी ती लगबगीनं तिकडे गेली. मग पायांची लगबग दिसू नये म्हणून शेवटची चार पावलं सावकाश टाकली.

"मास्तर... एक विचारू?"

"कोण येणार हे सोडून काहीही."

"समजा एखाद्यानं... चुकून... स्वतःचा शिक्का मारला मतावर. तर मोजताना ते काय करतात?"

"काय करायचं? उंच धरायचं. मीच धरणार आहे, दोन्ही हातांनी. आणि 'बाद' म्हणायचं."

"थोडं... खाली धरलं तर?"

"मागच्या आज्या ओरडतात."

"भरकन फिरवलं तर?"

"तर मग सबंध गाव म्हणेल, मास्तर काहीतरी लपवतोय. तेव्हा माझी मान उंच धरतील."

"तुम्हाला दया नाही का हो?"

त्यानं जेवायच्या काड्या डब्यावर आडव्या ठेवल्या. "आहे ना. पण आत येताना ती दाराशी ठेवून यावी लागते. फोनसारखी."

रुओमानला राग आला. खरा तर स्वतःचा, पण तो समोर बसला होता ना. "फारच नियमाचे दिसता."

"मत कुणाचंही असो, सगळ्यांना सारखं दिसायला हवं. नाहीतर पोरांना शाळेत मी काय शिकवू?" मग आवाज जरा उतरला. "तुमच्या घरच्या कुणा म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटतेय का?"

"तसंच समजा," ती म्हणाली आणि वळली.

"चार वाजता याल ना मोजणीला?" मागून प्रश्न आला. "माझं एवढंच एक भाकीत आहे आज."

ती न वळता चालत राहिली. पण मागून कुणी बघत असताना माणसाच्या पाठीला कसं चालावं ते कळत नाही, तसं तिचं झालं.

चार वाजता पेटी उघडली. देवळाच्या बाजूच्या दालनात गल्ली लोटली होती. बाबा पहिल्या रांगेत, स्टुलावर. मतदान संपलं म्हणून टोपी पुन्हा डोक्यावर. रुओमान त्यांच्या मागे, हात बाह्यांत खुपसून.

पोहान पुढे उभा राहिला. एकेक मत दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचा, डावीकडे, उजवीकडे, सगळ्यांना दिसेल असं. "एक नंबर, एक मत!" दुसरा ते मोठ्यानं परत म्हणायचा, तिसरा भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढायचा. दिवसभर बोटं दाखवणारा हा माणूस आता वेगळाच दिसत होता. ना घाई, ना आळस. हुंग काकांचं मत असो की सावकाराचं, सारखंच उंच. रुओमानला दुपारचा आपला राग आठवला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना.

"दोन नंबर, एक मत! एक नंबर, एक मत! दोन नंब—"

तो थांबला.

हातातल्या मताकडे त्यानं क्षणभर पाहिलं, आणि मग गर्दीत नजर टाकली. ती नजर नेमकी तिच्यावर येऊन टेकली. क्षणभरच. मग त्यानं ते मत आधीच्या प्रत्येक मतासारखंच, तेवढंच उंच, दोन्ही हातांनी वर धरलं.

"बाद!"

दोन नंबरच्या रकान्यात गोल खूण नव्हती. चौकोनी शिक्का होता, लालभडक.

"कुणाचा गं? कुणाचा?" मागून आज्या पुढे झुकल्या. "वरचं अक्षर चुआंग दिसतंय!"

रुओमाननं डोळे मिटून घेतले. गल्लीत चुआंग आडनावाचं एकच घर. आता पुढची अक्षरं. आता बाबा वळणार. आता वर्षभराचा अबोला, कदाचित जन्माचा...

"थ्येन... फू!" कांग आजींचा आवाज दालनभर घुमला. "अगं बाई! चुआंग थ्येनफू!"

सगळ्या माना आधी मताकडे वळल्या, मग स्टुलाकडे. आणि मग देवळाचं छप्पर उडेल असा हशा.

बाबांनी टोपी काढली. परत घातली. परत काढली.

"माझा... माझा शिक्का चोरीला गेला होता सकाळी!"

"आणि चोरानं येऊन मतही देऊन टाकलं होय?" आजी म्हणाल्या. "भलताच जागरूक नागरिक निघाला की!"

"थ्येनफू, आता सूप फुकट! एक नंबर येवो नाहीतर दोन!" हुंग काका ओरडले.

रुओमानच्या छातीवरचा धोंडा घरंगळला. पण बाबांच्या मानेवर चढलेला लाल रंग पाहून ती हसू शकली नाही. त्यांचा दंड धरून तिनं त्यांना बाहेर, गाडीपाशी आणलं. ते पातेल्यातलं सूप ढवळत राहिले, नको तितका वेळ.

"तुझी ती खोली," ते शेवटी पातेल्यालाच म्हणाले. "तुझ्या आईनं फोटो दाखवला. खिडकीच नाही. माणसं राहतात का अशा खोलीत? दोन नंबरवाला म्हणत होता, पोरांची घरभाडी कमी करीन. थापा असतील सगळ्या. पण बापाला कधी कधी थापासुद्धा ऐकाव्या लागतात." डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "घाई झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे मारत होतो ना... हातात आपलाच शिक्का आहे हे ध्यानातच आलं नाही. अब्रू गेली ती गेलीच, मतही वाया गेलं."

रुओमानला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. हिशेबात कुठलं आधी धरावं हेच तिला कळेना.

"वाया नाही गेलं, बाबा. मी पण तिथेच मारलंय."

बाबांनी चमकून वर पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हळू बोल गं! एका घरात दोन-दोन... गिऱ्हाईक तुटेल माझं." आणि त्यांनी वाटी भरून तिच्या हातात दिली. शेंगदाणे जरा जास्तच घातले होते.

मोजणी आटपली, कागद दाराला चिकटवून झाला. घराघरांतल्या टीव्हीवर कुणी जिंकत होतं, कुणी हरत होतं. गाडीभोवती मात्र फुकट सुपाला झुंबड होती आणि उद्याची भाकितं नव्यानं सुरू झाली होती. पोहान ओट्याजवळ हात धूत होता. ती त्याच्याकडे गेली.

"रागावलात?" त्यानं विचारलं. "वडिलांचं होतं ते... दुपारी तुम्ही विचारलंत, तेव्हाच वाटलं होतं. पण मला ते वर धरावंच लागलं."

"त्यांचं माहीतच नव्हतं मला." तिनं खिशातून शिक्का काढला. "मला वाटत होतं की माझं आहे. हा पडद्यामागे राहिला होता ना?"

"पडद्यामागे?" तो बघतच राहिला. "छे! तुम्ही नावापुढे शिक्का मारलात आणि माझ्यासमोरच, शाईच्या डबीवर ठेवून गेलात. तुम्ही पडद्यामागे होतात तेव्हा तो माझ्यापुढेच पडला होता."

"म्हणजे... मी दिवसभर उगाच... उगाचच मेले?" आणि मग तिच्या ध्यानात आलं. "थांबा. पुढेच पडला होता, तर मग बाहेर येताना लगेच का नाही दिलात?"

तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"लगेच दिला असता तर तुम्ही 'धन्यवाद' म्हणून गेला असतात," तो म्हणाला. "म्हणून... पायऱ्यांपर्यंत जाऊ दिलं. मग धावलो. दिवसभरात तेवढाच एक नियम मोडला मी."

कान संध्याकाळच्या कंदिलांसारखे लाल.

"म्हणजे माझ्या काळजीचे धनी तुम्हीच!"

"मी भरपाई करीन. सांगाल ती." तो अडखळला. "फक्त... तुम्ही उद्या जाणार. आणि परत यायच्या ते पुढच्या निवडणुकीला. इतकी वर्षं... मला थांबता येईल, पण थांबायची इच्छा नाही."

"रुओमान!" गाडीवरून बाबांची हाक आली. "वाट्या धुवायला कुणी आहे का नाही? आणि त्या मास्तराला पण घेऊन ये! मला जगजाहीर करून गेला, निदान सूप तरी पिऊ दे त्याला!"

रुओमान हसली. मग तिनं त्याचा तळहात धरला, त्यावर आपला शिक्का ठेवला आणि एकेक करून त्याची बोटं मिटली.

"अहो, हे काय? बँकेतसुद्धा हाच लागत असेल ना तुम्हाला! महत्त्वाचा असतो हा..."

"हो ना," ती म्हणाली आणि दोन पावलं पुढे निघून गेली. "विसरले बघा मी परत. आता तैपेईला आणून द्यावा लागेल तुम्हाला."

आणि या वेळी ती पायऱ्यांपर्यंत पोहोचायची वाट न बघता तो मागे धावला.