मास्तरच्या लाडक्या खेळीचं वजन

माझ्या खुर्चीवर एक परका माणूस बसला होता आणि माझ्याच स्क्रीनवर खेकसत होता!

"अरे गाढवा, घोडा तिकडे कशाला नेतोस?"

"ते गाढव मी लिहिलंय," मी म्हटलं.

तो ताडकन उठला… कानापर्यंत लाल. हाच तो बुद्धिबळाचा नवा मास्तर! आमच्या प्रोग्रॅमला सुरुवातीच्या खेळ्या शिकवायला साहेबांनी बोलावलेला. मला वाटलं होतं, कुणी टक्कल पडलेले काका येतील. हा तर… जाऊ दे.

"सुरुवातीला हा विचारच करत नाही का हो?" त्यानं विचारलं.

"कशाला करील? तयार पुस्तक आहे ना! पटावरच्या प्रत्येक स्थितीचा एक लांबलचक आकडा बनतो. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावलेले. हा मधोमध बघतो, हवा तो आकडा पुढे की मागे ठरवतो, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध… असा क्षणात शोधतो. आकड्यासमोर खेळ्या, आणि प्रत्येक खेळीला वजन. वजन जास्त, तर ती जास्त वेळा खेळायची. शून्य म्हणजे कधीच नाही."

"आणि पुस्तकात नसलंच काही, तर?"

"मग स्वतःचं डोकं चालवायचं. तुम्हीही कधी चालवून बघा."

तो हसला आणि मी भलतंच बटण दाबलं.

मग रोजच आमची जुंपायची. त्याची एक लाडकी खेळी होती, प्यादं चक्क फुकट सोडायची.

"शुद्ध वेडेपणा आहे हा!"

"तुम्ही घाबरट आहात, बाईसाहेब. वजन जास्तीत जास्त किती देता येतं?"

मी आकडा सांगितला. त्यानं मान डोलावली, आपल्या खेळ्यांच्या यादीत वजन स्वतःच भरलं आणि एकटक बघत राहिला… माझ्याकडे, स्क्रीनकडे नव्हे!

ग्राहक चाचणीचे डाव बघायला येणार होते. जिंकलो तर मास्तर इथे कायम. हरलो तर तो लांबच्या एका शाळेत शिकवायला जाणार. तो जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आणि त्या दिवशी आक्रीतच घडलं! प्रत्येक डावात नेमकी त्याच्या लाडक्या खेळीची स्थिती आली आणि प्रत्येक डावात प्रोग्रॅमनं दुसरीच मिळमिळीत खेळी केली. आम्ही सपाटून हरलो. साहेबांचा चेहरा बघवेना.

"माझी खेळी काढलीस तू?" मास्तर हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही असं! मी काही म्हणायच्या आत तो बॅग उचलून निघूनही गेला.

मी पुस्तक उघडलं. खेळी जागच्या जागी होती. समोर वजन… शून्य! अगं बाई! मी यादीत त्यानं भरलेला आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग जिने उतरत धावत सुटले.

तो बसथांब्यावर होता.

"मी नाही काढली!" मी धापा टाकत ओरडले. "मी सांगितलं त्याहून एक जास्त लिहिलंत तुम्ही!"

"लाडाची खेळी… म्हणून एक वर दिला."

"अहो, तेवढं मावतच नाही तिथे! जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा आकडा फिरून शून्यावर आला. आणि असं कुणी करील हे मला सुचलंच नाही, म्हणून मीही तपासणी ठेवली नाही."

तो मटकन बाकावर बसला.

"आईला सांगून आलो होतो… जिंकलो तर तुला लग्नाचं विचारीन. आता हरल्यावर कुठल्या तोंडानं…"

"काय?" मी किंचाळले. रांगेतले सगळे वळून बघायला लागले. "माझं लग्न त्या गाढवाच्या भरवशावर? मला विचारायचं सोडून?"

"शाळा फार लांब आहे गं…"

"असू दे! तिथे वीज आहे ना? मी तिथूनही प्रोग्रॅम लिहीन. विचारा आधी!"

त्यानं विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले, आणि सगळ्यात जास्त धक्का मलाच बसला.

त्यानं तिथूनच आईला फोन लावला.

"आई, ती हो म्हणाली."

"म्हणजे जिंकलास!" आवाज मलाही ऐकू आला.

"नाही… हरलो."

पलीकडून एकदम, "हरलास? मग हो कशी म्हणाली ती? दे बघू तिला!"

मी फोन घेतला.

"आई," मी म्हटलं, "जिंकायची अट तुमच्या मुलाची होती. माझी नव्हती."