तिकोनी दाढ

मयुराला उष्ट्याची भारी किळस. कुणी तिच्या बाटलीला तोंड लावलं की ती बाटली तिच्या लेखी मेली. टपरीवर तर्री पोहे खायचे तर चमचा घरून न्यायची. मैत्रिणींनी कितीही टिंगल केली तरी हिचा हट्ट कायम. आणि अशा बाईनं पीएच.डी.ला घ्यावं काय, तर जुन्या जनावरांचे दात! नशिबाचे भोग म्हणायचे, दुसरं काय.

विषय होता गेंड्याच्या पूर्वजांचा. गुजरातेतल्या खाणीतून मातीनं भरलेलं खोकं नागपूरच्या प्रयोगशाळेत आलं होतं आणि त्यात वरच्या जबड्याचा एक तुकडा निघाला. जनावर बकरीएवढं, नाकावर शिंगाचा पत्ता नाही. ते गेंड्याच्या घराण्यातलं की नुसतंच दूरचं सोयरं, हे शेवटच्या दाढेवरून ठरणार होतं. दाढ तिकोनी असली तर गेंडा, चौकोनी असली तर दुसरंच कुणी. आणि नेमकी तीच दाढ नव्हती. तिच्या जागी भोक होतं. खोक्यातली माती मयुरानं चाळचाळून संपवत आणली होती. उन्हाळ्याबरोबर फेलोशिपही संपणार होती. दाढ नाही तर प्रबंध नाही, सरळ हिशेब.

"मले तर हे हाडच आहे का, याचीच शंका येऊन राहिली," तिचे गाईड मनोहरराव एका सकाळी म्हणाले. माणूस उमरेडचा, बोलणंही तिथलंच. त्यांनी जबडा उचलला, खुशाल जिभेला लावला आणि तिच्यापुढे धरला. "चिकटलं बरं! दगड जिभेले चिकटत नाही, जुनं हाड चिकटते. घे, तूही पाह्य."

"सर, पण तुमचं उष्टं..."

"अवं, पाच कोटी वर्षांचं जनावर आहे ते! माह्या उष्ट्याचं काय घेऊन बसली?"

सरांचा मान ठेवायचा म्हणून मयुरानं डोळे मिटले आणि त्या भोकाच्या कडेला जीभ टेकवली. चिकटली. मागे घ्यायला गेली तर चटकन सुटेना. चव मातीची लागायला हवी होती, पण लागली चघळलेल्या पाल्याची. ओली, कोमट. शी! बेसिनपाशी जाऊन ती भडाभडा ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दातांत हिरवे धागे निघाले. थुंकीही हिरवी, तार सुटणारी, आंबूस वासाची. पालेभाजी तर घरात शिजलीच नव्हती. घासून घासून तिनं हिरड्या सोलवटून घेतल्या, पण रोज सकाळी तेच. तर्री पोह्यांचा पहिला घास तोंडात गेला आणि कुजक्या मांसाचा भपका आला, म्हणून तिथंच थुंकला. एकदा कॉलेजच्या फाटकाशी उभी असताना तिला आपल्या हातात कुंपणाच्या मेंदीची डहाळी दिसली. डहाळीवर एक पान उरलं नव्हतं आणि तोंड कडू झालं होतं.

मग दाढ ठणकू लागली. महाल भागात तिच्या मैत्रिणीचा, भैरवीचा, दातांचा दवाखाना होता. भैरवीनं तोंडात आरसा घातला आणि दिवा जवळ ओढला.

"तुही अक्कलदाढ तं मीच काढली होती ना? मग त्या जागी हे काय उगवून राहिलं वं?"

"काढून टाक. काहीही असो, काढ."

पकडीत दाढ सहज आली. रक्ताचा थेंब नाही. तपकिरी, घासून गुळगुळीत झालेली, जन्मभर पाला चघळल्यासारखी. भैरवीनं नाकाला पदर लावला.

"काय घाण वास मारून राहिला! फेक ते. आत्ताच्या आत्ता फेक."

मयुरालाही फेकायचीच होती. पण तिनं दाढ उलटी करून पाहिली.

ती तिकोनी होती.

तिनं ती रुमालात बांधली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिनं दाढ जबड्याच्या भोकावर धरली. जोर लावावाच लागला नाही. टक् करून बसली.

"कुठं भेटली वं?" मागून सरांचा आवाज आला.

"माती चाळताना," ती म्हणाली.

ती अडवणार तोच सरांनी वाकून दाढेला जीभ लावली. तिच्या तोंडातली दाढ, आणि सर ती चाटत होते.

"चिकटली! अन् तिकोनी! गेंडाच आहे हा पोरी. जिंकली तू!"

मयुरा हसली. हसता हसता जीभ आपसूक मागच्या रिकाम्या जागेकडे वळली.

जखम नव्हती. ओल नव्हती. हिरडीही नव्हती. तिथं काहीतरी कोरडं, खरबरीत होतं.

"बोल ना काही! काहून गप झाली?"

तिला बोलता येईना. जीभ तिथंच चिकटली होती.