स्पर्शाचा रकाना

रोह्याच्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात मैथिलीला पुरुष वॉर्डच्या कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल मिळालं होतं. सकाळी आठ ते दुपारी दोन तिथं बसायचं आणि दर दहा मिनिटांनी तक्त्यात नोंद करायची, एवढंच तिचं काम. नर्सिंगच्या मुलींना अकरा वर्षं शिकवल्यावर तिनं पीएचडीला हात घातला होता. विषय होता एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांची शुश्रूषा, इस्पितळातली आणि घरची. तक्त्यात चार रकाने होते: औषध, जेवण, बोलणं, स्पर्श. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, मध्ये पडायचं नाही. तू हात लावलास की निरीक्षण संपलं.

सतरा नंबरची खाट वॉर्डच्या शेवटी, खिडकीला लागून. तिच्यावर काळुराम होता. वय बावन्न, गडबच्या पुढे खाडीकडेच्या एका पाड्यातला, सगळा जन्म मिठागरावर गेलेला. एचआयव्हीच्या गोळ्या व्यवस्थित चालू होत्या तोवर तो फावडं मारत होता. मग गोळ्यांच्या रांगेत गावातल्या कोणीतरी नवरा-बायकोला ओळखलं आणि दोघांनी रांगेत जाणं सोडलं. दीड वर्षानं मणक्याला क्षय झाला. आता कमरेखालचं त्याला काही कळत नव्हतं, आणि हातांत पेला धरण्याइतकंही बळ नव्हतं. सोबतीला कोणी नाही. म्हणून वॉर्डात तीस खाटांना दोन नर्स असताना सतराचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. सकाळी गोळ्या मिळायच्या, दुपारी ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं जायचं, आया लांबून चमच्यानं चार घास भरवायची. स्पर्शाच्या रकान्यात मैथिली शून्य लिहायची. पहिले चार दिवस तिनं शून्यच लिहिलं.

पाचव्या दिवशी तिनं इनचार्ज मनस्वी सिस्टरना विचारलं, की याच्या पाठीला जखमा किती झाल्यात. तीन आठवडे उताणा पडलेला माणूस. शिकवताना ती मुलींना सांगायची, की न हलवलेली पाठ तिसऱ्या दिवशीच बोलायला लागते. हातमोजे घालून त्यांनी त्याला कुशीवर वळवलं.

पाठ लख्ख होती. डाग नाही, लाली नाही. खोबरेल लावल्याची चकाकी होती आणि खांद्याच्या खळग्यात ओल होती, नुकतंच पुसल्यासारखी.

"मला वाटायचं रात्रपाळीवाल्या करतात," मनस्वी सिस्टर म्हणाल्या. "त्यांना वाटतं आम्ही."

मैथिलीनं काळुरामला विचारलं, तर तो साधेपणानं म्हणाला की बायको येते. पाठ धुते, त्याल लावते, कूस बदलते नि जाते.

"आज आली होती?"

"आत्ताच गेली नाय का."

मैथिली आठपासून स्टुलावरून उठली नव्हती. तिनं तक्त्यात लिहिलं, 'रुग्ण संभ्रमात.' मेंदूपर्यंत आजार गेला की असं होतं, हे तिला माहीत होतं. पण मेंदूतला आजार पाठीला तेल लावत नाही, हेही माहीत होतं.

अभ्यासाचा दुसरा भाग घरचा होता. काळुरामच्या कागदांवर बायकोचं नाव होतं, धोंडुबाई, आणि तीही त्याच आजाराची. रविवारी मैथिलीनं पेणच्या आपल्या घरून स्कूटी काढली. गडबच्या पुढे हायवे सोडल्यावर खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदीच्या बांधावरून वाट जात होती. दोन्ही बाजूंना फेब्रुवारीचं मीठ उन्हात डोळे दिपवत होतं. पाड्याच्या टोकाला एकटं, पत्र्याचं घर. दारात एक म्हातारी झाकलेली थाळी उंबऱ्यावर ठेवून परत फिरत होती. ती शेजारीण जनू. आत जात नाही, असं तिनं न विचारताच सांगितलं. थाळी ठेवते, दुसऱ्या दिवशी घासलेली मिळते.

"कोण घासतं?"

"तिला म्हाईत," जनू म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

आत खाटेवर धोंडुबाई होती. तिची सगळी उजवी बाजू गेलेली. चार महिने ती उठून बसलेली नव्हती. मैथिलीनं तपासलं, खरंच बसता येत नव्हतं. आणि तरी घर झाडलेलं, गोधडी ताठ ओढलेली, तिच्या अंगाला साबणाचा वास, फळीवर पावडरचा डबा. केसांची वेणी घातलेली होती, पण बाईनं घातलेली वाटत नव्हती. दोर वळावा तशी करकचून वळलेली, आणि टोकाला मिठाच्या गोणीचं तोंड बांधतात तशी गाठ.

मैथिलीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हे येतात."

मैथिलीनं समजावलं, की ते रोह्याला खाटेवर आहेत, त्यांना पाय हलवता येत नाही.

"व्हय, म्हाईत हाय. म्हनून तर दमतात. लांबून यायचं." ती थोडी हसली. "मीपन जाते ना. मला तरी कुठं चालता येतंय?"

परत येताना बांधावर मैथिलीनं स्कूटी थांबवली आणि तक्ता बाहेर काढला. काय लिहायचं ते तिला सुचेना.

सोमवारी सकाळची गाडी निडी स्टेशन सोडून रोह्याला लागली तेव्हा तिनं ठरवलं होतं, की आज तक्ता भरायचा नाही. स्टूल उचलून ती थेट सतरा नंबरच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि काळुरामकडे एकटक बघत राहिली. अडीच तास काही झालं नाही. पंख्याची खडखड, पलीकडच्या खाटेवरचा खोकला, बाहेर रिक्षांचे आवाज. दहा वाजून चाळीस मिनिटांनी काळुरामनं मान वळवली.

"बाई," तो हळू म्हणाला, "जरा तोंड फिरवता? ती लाजते."

मैथिली उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. समोर अंगणात एक माणूस अॅम्ब्युलन्सची काच पुसत होता, ऊन पडलं होतं, सगळं नेहमीसारखं होतं. मागे पाण्याचा आवाज झाला. कपडा पिळल्याचा आवाज झाला. मग ओला कपडा अंगावरून फिरण्याचा तो घासत जाणारा, सावकाश आवाज. हजार वेळा तिनं तो ऐकला होता, मुलींना शिकवला होता. हे हात घाईत नव्हते. खाट करकरली. काळुरामनं सुस्कारा टाकला.

तिनं वळून पाहिलं तेव्हा तो डाव्या कुशीवर होता. पाठीवरून पाण्याचा एक ओघळ गादीकडे चालला होता. खाटेच्या आसपास बादली नव्हती. वॉर्डात खाडीच्या चिखलाचा वास भरला होता.

त्या दिवशी ती घाबरली नाही, असं नाही. पण भीतीहून तिला गलबलून आलं ते जास्त. दोन माणसं एकमेकांपासून पस्तीस किलोमीटरवर लोळागोळा होऊन पडली आहेत आणि एकमेकांचं करण्यासाठी कुठल्या तरी वाटेनं जीव ओढत जात आहेत, आणि आपण स्टुलावर बसून शून्यं लिहितोय. कसं होतं, ते तिला कळायची गरज वाटेना. त्यांना एकत्र आणलं तर हा त्रास तरी वाचेल, असं तिच्या मनानं घेतलं. मार्गदर्शक बाईंना तिनं फोनही केला नाही. मनस्वी सिस्टरना गळ घातली, पुरुष वॉर्ड असला तरी शेजारचा अठरा नंबर रिकामा करून घेतला आणि बुधवारी अॅम्ब्युलन्स घेऊन पाड्यावर गेली.

धोंडुबाई नको म्हणाली. मैथिलीला वाटलं होतं ती हरखून जाईल.

"दोगं येका जाग्याला नको गो," ती म्हणाली. "मग करायचं कोनी?"

मैथिली म्हणाली, "आम्ही आहोत ना." डॉक्टर आहेत, गोळ्या परत चालू होतील, नवरा बाजूलाच असेल. ती चांगलं बोलायची, रोज वर्गात बोलायची. अर्ध्या तासानं धोंडुबाईनं संमतीच्या कागदासाठी डावा अंगठा पुढे केला. घराला कुलूप लावून मैथिलीनं किल्ली आपल्याच पर्समध्ये टाकली.

दोन खाटांत हातभर अंतर होतं. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे आलं तो आनंद नव्हता. चुकीच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसांसारखी ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी काळुरामच्या माकडहाडावर लाली दिसली. तिसऱ्या दिवशी कातडं फाटलं. धोंडुबाईच्या टाचा काळ्या पडल्या.

मैथिलीनं तक्ता बाजूला ठेवला आणि बाह्या वर केल्या. ती स्वतः दोघांना धुवायची, पुसायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. मनस्वी सिस्टरही आल्या, मग लाजून दुसऱ्या पाळीच्या दोघी आल्या. इतकी शुश्रूषा त्या वॉर्डात कधी कोणाची झाली नसेल. हवेची गादी आली, महागडं मलम आलं. जखमा वाढतच गेल्या. हात लावावा तिथं कातडी ओल्या कागदासारखी सुटायची. आपले हात चांगले आहेत, हे मैथिलीला माहीत होतं. ते त्यांना लागू पडत नव्हते.

धोंडुबाई दाराकडे बघत पडायची. काळुरामही.

अकराव्या दिवशी त्याला ताप चढला. मैथिली त्याचं कपाळ पुसत होती.

"घरी कोन हाय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. कुलूप आहे."

त्यानं डोळे मिटले. "नाय," तो म्हणाला. "तिकडंच गेले असतील."

"कोण?"

"आमी. रोज उठून जानारे."

डॉक्टरांना तिनं विचारलं, की दोघांना परत घरी नेता येईल का. ते म्हणाले, जखमांचं विष दोघांच्याही रक्तात गेलंय, रस्त्यातच संपतील. इथंही दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोह्याला गेली नाही. पाड्यावर गेली. कशासाठी, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणाला तरी निरोप द्यायचा होता. जनू आपल्या दारात बसली होती. धोंडुबाई गेल्यापासून थाळी नेत नाही, म्हणाली. पण घरात पाण्याचा आवाज येतो. दोन येळा. सकाली नि तिनीसांजेला.

मैथिलीनं कुलूप काढलं. बारा दिवसांची बंद खोली. कोंदट वास यायला हवा होता. साबणाचा वास आला. जमीन झाडलेली होती.

उंबऱ्यावर उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली, "ती दोघं रोह्याला आहेत. सतरा आणि अठरा नंबर." स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तिकडे या. माझं चुकलं. तिकडे या."

काही हललं नाही.

मग डोळे आतल्या अंधाराला सरावले आणि तिला खाट दिसली. चॉकलेटी गोधडी ताठ ओढलेली. फळीवरचा पावडरचा डबा खाटेच्या कडेला उघडा पडला होता. गोधडीभर पांढरी पावडर सांडलेली होती, फक्त मधोमध दोन जागा कोऱ्या होत्या. दोन माणसं कुशीवर, एकमेकांकडे तोंड करून निजली असावीत, एवढ्याच.

दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पावडर अजून खाली बसत होती.