मोडीत दिलेली आठवण

कऱ्हाडच्या रुजवण केंद्रात शीतल रासने यांच्या मेंदूत इंग्रजीची बहुतेक रोजची क्रियापदं रुजली होती. ‘ईट’ रुजलं, ‘स्लीप’ रुजलं, ‘गिव्ह’सुद्धा रुजलं. ‘गो’ मात्र काही केल्या धरत नव्हतं.

“पुन्हा गळून पडलं, काकू,” पडद्याकडे बघत डॉ. मृण्मयी शेटे म्हणाल्या. “या वेळी कुठली आठवण दिली होतीत?”

“मंडईत जायची. रोजचीच.”

“तीच तर अडचण आहे. खुंटी घट्ट हवी.”

शाळेत शिकलेलं इंग्रजी सगळ्यांनाच येत असे, पण ते आधी डोक्यात जुळवावं लागे. रुजवणीत शब्द माणसाच्या स्वतःच्याच एखाद्या ठसठशीत आठवणीला अडकवत. तिला म्हणायचं खुंटी. मग शब्द शोधावा लागत नसे. त्या आठवणीतली भावना घेऊन तो आपसूक ओठांवर येई.

शीतलकाकूंना तो यायला हवा होता तारासाठी. कॅल्गरीत वाढलेली ही चार वर्षांची नात मराठी बोलत नव्हती. दुभाषी यंत्र कानात घातलं की ते ओढून काढायची आणि म्हणायची, “दॅट्स नॉट आजी.” काकू स्वतः बोलायला गेल्या, तर त्यांचं वाक्य जुळेपर्यंत पोरगी व्हिडिओ कॉलच्या पडद्यासमोरून पसार झालेली असायची.

“जाण्याची मोठी आठवण सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “सहल, लग्नाची वरात, काहीही.”

“आम्ही दोघं गणपतीपुळ्याला गेलो होतो. यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला आणि चपला तिथेच विसरून आले.” काकू हसल्या. “पण ती नाही द्यायची. ती झिजेल ना?”

“झिजेल. आठवण म्हणजे फोटो नसतो, काकू. बाहेर काढली की मेंदू ती नव्यानं साठवतो आणि दर खेपेला ती जराशी बदलते. क्वचित लागणाऱ्या शब्दाची खुंटी जन्मभर पुरते. पण ‘गो’ तुम्ही दिवसभर बोलणार. वर्षभरात शब्द राहील, आठवण राहणार नाही.”

“मग माझ्याकडे दुसरी आहे,” काकू म्हणाल्या. “ताराचा बाबा, माझा विहान, घर सोडून कॅनडाला गेला त्या दिवसाची. त्याला आमचं भांड्यांचं दुकान नको होतं, गाव नको होतं. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी त्याला जे बोलले, ते आईनं बोलू नये. तेव्हापासून तो फोनवर माझी तब्येत विचारतो आणि मी त्याला तिथला बर्फ विचारते.”

“ती खुंटी हत्तीलाही पुरेल,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “पण आधी त्याच्याशी बोलून बघा ना.”

“त्यापेक्षा तुमचं इंग्रजी सोपं. अहो, आम्ही कासार. पोचे पडलेलं भांडं मोडीत घालायचं आणि त्या वजनाचं नवं घेऊन जायचं. चांगली कळशी ठेवून मी पोचे पडलेली देतेय, त्यात काय चुकलं?”

“माझं मेंदूशास्त्र नेऊन ठेवलंत तराजूत!” डॉक्टर हसल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

‘गो’ पहिल्या खेपेलाच रुजलं. लेट्स गो, तारा. डोंट गो देअर. व्हेअर डिड युअर शू गो? काकूंना विचार करावा लागेना. आजी-नातीच्या गप्पा रोज रंगू लागल्या. तो पायरीवरचा दिवस आधी फिकट झाला. मग त्यातले शब्द गेले, मग विहानचा चेहरा गेला. शेवटी एवढंच उरलं की असा काहीतरी दिवस होता आणि तो त्यांनी देऊन टाकला. काकूंना शांत झोप लागू लागली.

पुढच्या दिवाळीत विहान ताराला घेऊन आला. बारा वर्षांनी तो दुकानाच्या पायरीवर बसला, तेव्हा आत एक गिऱ्हाईक पितळी हंडा मोडीत द्यायला आलं होतं. काकूंनी हंडा तराजूवर ठेवला, फिरवून बघितला आणि काठावरची नावं वाचली.

“यावर दोन नावं आहेत. हे सुभाष कोण?”

“धाकटा भाऊ. पुण्याला असतो.”

“त्याला विचारून या. मग घेते.”

गिऱ्हाईक कुरकुरत फोन करायला बाहेर गेलं.

“अजून विचारतेस?” विहान हसला.

“विचारायलाच हवं. अर्धं भांडं त्याचं असतं.”

तो हंड्याकडे बघत म्हणाला, “आई, मी त्या दिवसाचं बोलायला आलोय. तू इथेच उभी होतीस. जे बोललीस, ते मी विमानातही मनातल्या मनात तुला उलटून बोलत होतो. आता मलाही मूल आहे. म्हटलं, समोर बसून एकदा दोघांनी बोलून टाकू.”

काकूंनी डोक्यात शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

“चुकलं माझं, विहान.”

“काय चुकलं?”

“जे बोलले ते.”

“काय बोललीस, सांग ना. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

शेवटी त्यांनी केंद्राचं, खुंटीचं, ताराचं सगळं सांगितलं. विहान ऐकत होता. त्याचा चेहरा अनोळखी गावात रस्ता विचारणाऱ्या माणसासारखा झाला.

“म्हणजे ते आता फक्त माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “बारा वर्षं मी तुझ्याशी भांडतोय आणि तू तिथे नाहीसच.”

“तूच सांग ना, काय बोलले मी? मी माफी मागते.”

“मी सांगायचं आणि तू त्याची माफी मागायची? दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या बोलण्याची?”

रस्त्यावरून तारानं हाक मारली. “आजी! द बलून मॅन! कॅन आय गो?”

“गो!” काकू म्हणाल्या. विचार न करता, सहज, अचूक.

विहान ताडकन उठला आणि पायरीवरून खाली उतरला.

“काय झालं रे?”

“काही नाही,” तो म्हणाला. “आवाज तोच आहे, त्या दिवसाचा.”

काकूंना कळलं नाही, तो आवाज कसा होता. तराजूवर हंडा तसाच होता, त्याच्या काठावरची दोन नावं त्यांच्याकडे वळलेली.